खाण कंपन्यांचा पी/ई : स्वस्त दिसणाऱ्या आकड्यामागचा इतिहास

रेडीच्या लोहखनिजाची लाल धूळ आणि मांडवीतून खनिज वाहणारे बार्ज पाहत वाढलेल्या कोकणी माणसाला खाण कंपनीचा शेअर परका वाटत नाही. त्यातच पी/ई, म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर वार्षिक नफा, चार-पाचवर आला की शेअर स्वस्त मिळतो आहे असा समज होतो. हा समज किती धोक्याचा आहे, हे जाणकारांनी फार पूर्वीच ओळखले होते.

खाण रोज थोडी थोडी संपत असते. म्हणूनच १८७७ साली होस्कोल्ड या ब्रिटिश खाण अभियंत्याने मूल्यांकनाची अशी रीत मांडली, की दरवर्षीच्या उत्पन्नातला काही हिस्सा भांडवलाच्या परतफेडीसाठी बाजूला काढावा, जेणेकरून खनिज संपेल तेव्हा घातलेली रक्कम हाती परत आलेली असेल. हापूसची बाग एका बहराच्या उत्पन्नावरून कोणी विकत घेत नाही. आणि कलम निदान पुन्हा मोहरते तरी, उपसलेले खनिज परत येत नाही. १९३४ मध्ये ग्रॅहम आणि डॉड या अमेरिकी गुंतवणूकतज्ज्ञांनी एका वर्षाऐवजी अनेक वर्षांचा सरासरी नफा पाहण्याचा आग्रह धरला, तर १९५३ मध्ये मोलोडोव्हस्की या शेअर-विश्लेषकाने मंदीत नफा आटल्यामुळेच पी/ई फुगतो, हे दाखवून दिले.

यामागचे गणित साधे आहे. समजा, टनामागे ४,००० रुपये मिळतात आणि खर्च २,५०० रुपये आहे, म्हणजे नफा १,५०० रुपये. खनिजाचा भाव एक चतुर्थांशाने उतरून ३,००० झाला, तर नफा ५०० रुपये, म्हणजे तिसरा हिस्साच उरतो. तीनशे रुपयांच्या शेअरवर ६० रुपये कमावणारी कंपनी मग २० रुपये कमावते आणि भाव दोनशेवर उतरला तरी पी/ई पाचाचा दहा होतो. म्हणजे तेजीच्या शिखरावर जो शेअर स्वस्त दिसत होता, तोच पडल्यावर महाग दिसू लागतो. २०१० मध्ये लोहखनिजाचा भाव वर्षभरासाठी बांधून देणारे दरकरार मोडीत निघाल्यावर हे हेलकावे वाढले. २०११ च्या सुरुवातीला टनाला सुमारे १९० डॉलर असलेला भाव २०१५ च्या अखेरीस ४० डॉलरच्या खाली गेला.

भावाखेरीज परवान्याचा प्रश्न असतोच, आणि माझ्या मते आपल्याकडे तोच अधिक जड आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबवले. २१ एप्रिल २०१४ रोजी वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली, पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे, म्हणजे खाणकामासाठी ठरावीक मुदतीने दिलेल्या परवान्यांचे, नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून उत्खनन पुन्हा थांबले. त्या काळात मागच्या वर्षाच्या नफ्यावर काढलेला पी/ई हा चालू खाणींचा होता, तर शेअर घेणाऱ्याच्या पदरी बंद खाणी पडत होत्या. २०१५ च्या कायदादुरुस्तीने पट्टे लिलावाने आणि पन्नास वर्षांसाठी देण्याची पद्धत आणली, तेव्हापासून पट्टा कधी संपतो आणि साठा किती वर्षे पुरेल, हे वार्षिक अहवालात आधी शोधावे लागते. पी/ईची पाळी त्यानंतर येते.