जुन्या इंटरप्ट कोडची साफसफाई (लिनक्स कर्नल)

कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांचं काही काम निघालं की ते चालू काम थांबवून प्रोसेसरला हाक मारतात, तो इंटरप्ट. मग कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, जो कोड धावतो तो हँडलर. १९९१ मध्ये लिनक्स ३८६ पीसीवर सुरू झालं तेव्हा प्रोसेसर एकच, आणि इंटरप्ट गोळा करणाऱ्या दोन ८२५९ चिप जोडून मिळणाऱ्या १५ लाइन (हाक मारायच्या तारा), बस्स. त्या हिशोबाने लिहिलेला कोड नंतर काढत बसावं लागलं.

सगळ्यात डोकेदुखी सीएलआय() या फंक्शनची. एखाद्या ड्रायव्हरला (डिव्हाइस चालवणाऱ्या कोडला) आपला डेटा सांभाळायचा असला की त्याने हे बोलवायचं आणि सगळ्याच प्रोसेसरांचे इंटरप्ट बंद, म्हणजे गोव्यातल्या जुन्या जुवारी पुलावर एक ट्रक बंद पडला की पणजी-मडगाव सगळं ठप्प व्हायचं तसंच. २००२ मध्ये कर्नलच्या २.५ मालिकेत इंगो मोलनार या कर्नल डेव्हलपरने ते काढलं, आणि ज्या ड्रायव्हरांना स्वतःचं लॉक (डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून कुलूप) नव्हतं त्यांच्यावर 'एसएमपीवर (अनेक प्रोसेसरांच्या मशीनवर) चालत नाही' असा शिक्का बसला.

२००६ च्या २.६.१८ मध्ये जेनेरिक आयआरक्यू लेयर, म्हणजे इंटरप्ट हाताळणारा सगळ्यांना सामायिक कोड आला, त्याआधी प्रत्येक आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) जवळपास तोच कोड आपापला घेऊन बसलेलं. लगेच २.६.१९ मध्ये हँडलरला दिला जाणारा तिसरा आर्ग्युमेंट, प्रोसेसरच्या रजिस्टरांचा पत्ता (पॉइंटर), काढला कारण तो वापरणारे ड्रायव्हर हातावर मोजण्याइतके. पण फंक्शनची सही (आर्ग्युमेंटांची यादी) बदलली म्हणजे शेकडो फायली बदलल्या. फोंडा-म्हापशाकडे सिनियरची जुनी पुस्तकं घेऊन बसणाऱ्या पोरांचा हँडलर आज कंपाइल होत नाही तो यामुळेच, उगाच जीसीसी कंपायलरला शिव्या देऊ नयेत.

इंटरप्टचा मधला मुख्य कोड बदलणं त्यामानाने सोपं, खरी कटकट ड्रायव्हरांची. आपला हँडलर इंटरप्ट बंद ठेवून चालवा असं सांगणारा आयआरक्यूएफ_डिसेबल्ड हा फ्लॅग बघा, २०१० मध्येच तो निकामी झाला कारण सगळेच हँडलर इंटरप्ट बंद ठेवून धावायला लागले, तरी नाव कर्नलमधून जायला २०१५ उजाडलं. २०११ मधली इंटरप्टच्या फंक्शनांची नावबदली मात्र कॉक्सिनेल या कोड आपोआप बदलणाऱ्या टूलने झाली, हाताने करायची गोष्टच नव्हती ती.

हे सगळं आज कसं दिसतं ते बघायचं तर टर्मिनलवर /प्रोक/इंटरप्ट्स (/proc/interrupts) फाइल वाचा. डावीकडे लाइनचा नंबर, मग दर प्रोसेसरचा आकडा, शेवटी डिव्हाइसचं नाव. लॅपटॉपचा कीबोर्ड बहुतेक वेळा १ नंबरवर असतो, साधं अक्षर दाबलं की आकडा दोनने वाढतो, एक दाबल्याचा, एक सोडल्याचा.

टास्कलेट, म्हणजे हँडलरने मागे ठेवलेलं काम जरा नंतर उरकायची जुनी सोय, अजून शिल्लक आहेत. त्यांना पर्याय म्हणून २०२४ च्या ६.९ मध्ये वर्कक्यू या कर्नलच्या कामांच्या रांगेतच सोय केली, आता एकेक ड्रायव्हर तिकडे हलवायचं काम चालूच आहे.