वाजवता येत नव्हतं म्हणून बँड फुटला?

स्थानिक पंक (वेगवान, साध्या रचनेचं रॉक संगीत) बँड वर्ष-दोन वर्षांत बंद पडला की एक वाक्य हमखास फिरतं: "तीनच कॉर्ड, वाजवताच येत नव्हतं, म्हणून संपले."

तसं नसतं. तीन कॉर्ड (एकत्र वाजवलेल्या सुरांचे संच) तर ब्लूज या जुन्या संगीतप्रकारालाही पुरतात. खरी कसोटी हाताची आहे. मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला १८० ठोक्यांवर लावा आणि गिटारवर प्रत्येक ठोक्याला दोन स्ट्रोक मारा, तेही फक्त खालच्या दिशेने. सेकंदाला सहा, म्हणजे दोन मिनिटांच्या गाण्यात ७२०. हे किती अवघड आहे ते मनगट लगेच सांगेल. मग बँडचं पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. ड्रम आणि बास किती घट्ट जुळत गेलेत ते कळतं.

बँड मोडतात ते बहुधा नोकरी, स्थलांतर, सरावाची जागा सुटणं यांमुळे. तेच वादक पुढे दुसऱ्या बँडमध्ये दिसतात का, बघा; दिसले तर वाजवता येत होतंच. मला हा पुरावा सर्वात बोलका वाटतो.