‘बाय’ की ‘टिल’? ‘पर्यंत’साठी इंग्रजीत कोणता शब्द वापरायचा

ऑफिसच्या ईमेलमध्ये हे वाक्य हमखास दिसतं: ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फाइव्ह.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘पाच वाजेपर्यंत रिपोर्ट पाठवतो.’ मराठी वाक्य चोख आहे. इंग्रजी वाक्यातून मात्र पाठवण्याचं काम पाचपर्यंत चालूच राहणार, असा अर्थ निघतो. तिथे ‘बाय फाइव्ह’ हवं.

घोळ होतो तो आपल्या ‘पर्यंत’मुळे. ‘पाचपर्यंत थांब’ आणि ‘पाचपर्यंत ये’ ही दोन वाक्यं बघा. थांबणं चालू राहतं, येणं एकदा घडून संपतं. मराठीत हा फरक क्रियापदावरूनच कळतो, म्हणून शब्द बदलावा लागत नाही. इंग्रजीत बदलावा लागतो. क्रिया त्या वेळेपर्यंत चालू राहणार असेल तर ‘टिल’ किंवा ‘अंटिल’: ‘वेट टिल फाइव्ह.’ ती वेळ म्हणजे मुदत असेल, त्याआधी केव्हाही काम झालं तरी चालणार असेल, तर ‘बाय’: ‘कम बाय फाइव्ह.’

ओळखायचं कसं? ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘पाचच्या आत ये’ बरोबर वाटतं, म्हणजे ‘बाय’. ‘पाचच्या आत थांब’ कानाला खटकतं, म्हणजे ‘टिल’. ‘आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती’ इथेही ‘पोहोचायच्या आत’ चालतं, म्हणून ‘बाय द टाइम वी अराइव्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’. इथे ‘टिल वी अराइव्ड’ म्हणणारे खूप भेटतात.

नकारार्थी वाक्यात मात्र ही युक्ती फसते, आणि खरी गंमत तिथेच आहे. ‘द रिपोर्ट वोन्ट बी रेडी बाय सिक्स’ म्हणजे सहाची मुदत चुकणार. पुढे केव्हा मिळेल याचा पत्ता नाही. ‘द रिपोर्ट वोन्ट बी रेडी टिल सिक्स’ म्हणजे सहापर्यंत थांबा, त्या सुमारास मिळेल. पहिल्या वाक्याने साहेब काळजीत पडतील, दुसऱ्याने निश्चिंत होतील. कारण ‘तयार नसणं’ ही चालू राहणारी स्थिती आहे, आणि ‘टिल’ ती स्थिती कुठे संपते ते सांगतं.

‘टिल’ आणि ‘अंटिल’चा अर्थ एकच. ‘टिल’ हे ‘अंटिल’चं छोटं रूप असल्याचा समज आहे, पण ‘टिल’ हाच जुना शब्द. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला दोन एल, ‘अंटिल’ला एकच.

अंतराची गोष्ट वेगळी. ‘मी दादरपर्यंत येतो’साठी मुंबईत सर्रास ‘टिल दादर’ म्हणतात. आपापसांत ते कळतं, पण प्रमाण इंग्रजीत ‘अ‍ॅज फार अ‍ॅज दादर’ म्हणायला हवं.

तारखा लिहिताना जास्त जपावं. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार बहुतेक वेळा धरलेला असतो, तरी शंका नको म्हणून फॉर्मवर ‘ऑन ऑर बिफोर’ छापतात. ‘क्लोज्ड अंटिल मंडे’ अशी पाटी असेल तर दुकान बहुधा सोमवारी उघडतं. आपल्याकडे ‘सोमवारपर्यंत बंद’ वाचून बरेच जण मंगळवारी जातील. सोमवारही बंद आहे हे सांगायला अमेरिकेत ‘थ्रू मंडे’ म्हणतात.