गळतीला कान लावताना

इंदुरात रामबागेतल्या आमच्या गल्लीत एक फरशी बारा महिने ओली असायची. ऐन मे महिन्यातही तिच्या कडेला शेवाळ हिरवंगार. एका सकाळी नळ आले तेव्हा जुन्याजाणत्या फिटरकाकांनी जवळच्या व्हॉल्व्हवर लोखंडी सळई टेकवली, दुसरं टोक कानाशी धरलं आणि मग मलाही ऐकवलं. बारीक, अखंड ‘सूंऽऽ’. खणल्यावर सापडलं ते एका घरगुती जोडणीतलं, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान भोक.

भोक ३ मिलिमीटरचं आणि दाब २० मीटर उंच टाकीचा धरला, तर तासाला सुमारे ३०० लिटर पाणी जातं. दाब चोवीस तास राहिला तर दिवसाला ७,००० लिटर. माणशी १३५ लिटर या शहरी मापाने पन्नास जणांचं पाणी. रस्त्यात कारंजं उडवणारी वाहिनी सगळ्यांना दिसते, म्हणून लवकर दुरुस्त होते. ही मुकी गळती मात्र वर्षानुवर्षं चालते.

त्यात इंदूरचं पाणी दारातलं नाही. नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि ४०० मीटर चढ पार करून ते येतं. हजार लिटर एवढे वर चढवायला, पंपातली घट सोडली तरी, एक युनिटहून जास्त वीज लागते. भोकातून तीही जाते.

गळती मोजायची उत्तम वेळ रात्री दोन ते चार. शहर झोपलेलं असतं. एका टाकीवरून पाणी मिळणारा भाग वेगळा करून त्याच्या तोंडाशी मीटर बसवला, तर तेव्हा वाहणारं पाणी बहुतेक गळतीचंच. वापर नसल्याने रात्री दाबही चढतो. तो निम्म्यावर आणला तर भोकातून जाणारं पाणी साधारण ३० टक्क्यांनी घटतं. प्लास्टिकच्या नळाची चीर दाबाने रुंदावते, तिथे फायदा आणखी मोठा.

पण आपल्याकडे नळ येतात दिवसाआड, तेही थोडा वेळ. रात्री वाहिनी रिकामी असली तर मोजणार काय? शिवाय दाब गेला की त्याच भोकातून आजूबाजूचा चिखल, गटाराचं पाणी आत शिरतं. कुणी नळाला थेट मोटर लावली की ही ओढ वाढते. मला वाया जाणाऱ्या लिटरांहून हे जास्त गंभीर वाटतं.

आजी नळाची पहिली बादली कधी पिण्यासाठी भरू देत नसे, तुळशीला घाली. ती जोडणी बदलल्यावर पहिली बादलीही नितळ येऊ लागली.