पहिल्या पगाराआधीची मालकाची नोंदणी, मुंबई

मुंबईत कुणी नवीन ऑफिस, दुकान, क्लास किंवा वर्कशॉप काढलं आणि पगारावर पहिला माणूस ठेवला की त्याला मालक म्हणून काही नंबर काढून ठेवावे लागतात, आणि तेही पहिला पगार खात्यात टाकायच्या आधी, या सगळ्याला मिळून मालकाची नोंदणी म्हणायचं. सगळं एका खिडकीवर होत नाही. गुमास्ता म्हणजे दुकान-ऑफिसची नोंदणी महापालिकेकडे, टॅन म्हणजे कर कापून भरायचा नंबर इन्कम टॅक्सकडे, प्रोफेशन टॅक्स म्हणजे पीटी राज्याच्या जीएसटी खात्याकडे, पीएफ आणि ईएसआयसी म्हणजे कामगारांचा आजारपणाचा विमा हे केंद्राच्या संस्थांकडे आणि कामगार कल्याण निधी राज्याच्या मंडळाकडे. पगार सुरू करू, नंबर नंतर बघू असं बरेच जण म्हणतात, पण पगारातून कापलेला पैसा मालकाचा नसतोच, तो कामगाराचा किंवा सरकारचा असतो, आणि भरायला नंबरच नसेल तर तो धंद्याच्या खात्यात पडून राहतो आणि खर्चून जातो. कायदा हे हलकं घेत नाही. स्टाफच्या पगारातून पीएफ किंवा ईएसआयसीचा हिस्सा कापून भरला नाही तर तो फौजदारी विश्वासघात धरला जातो, जुन्या दंड संहितेत तसं होतंच आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ३१६ मध्ये तसंच आहे.

सुरुवात बहुतेक गुमास्त्यापासून होते. दुकाने व आस्थापनांचा १९४८ चा कायदा जाऊन १९ डिसेंबर २०१७ पासून नवीन कायदा आला, त्यात १० पेक्षा कमी माणसं असली तर पूर्ण नोंदणी नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, ही मर्यादा २० वर न्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. सूचनेची पावती सांभाळून ठेवावी, बँकेत करंट खातं उघडताना तीच पहिली मागतात. जागेचा पुरावा म्हणून लिव्ह अँड लायसन्सचा करार आणि लाईट बिल लागतं. बोर्ड मराठीत आणि देवनागरीत हवा, हेही याच कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आलंय.

टॅन हा दहा अक्षरी नंबर, आधी चार इंग्रजी अक्षरं, मग पाच आकडे, शेवटी एक अक्षर, आणि मुंबईचा असला की सुरुवात एमयूएम अशी. पगारावरचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला इन्कम टॅक्स, याच नंबरावर भरायचा, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. छोट्या ऑफिसात पहिल्या स्टाफचा पगार बहुतेक वेळा टॅक्सच्या खालीच असतो, पण कंपनी असेल तर सीएची फी, ऑफिसचं भाडं अशा पेमेंटवरही टीडीएस येऊ शकतो, त्यामुळे टॅन आधीच काढलेला बरा.

पीटी मात्र पहिल्याच माणसापासून लागू शकतो. कायदा १९७५ चा आहे आणि नंबर दोन असतात. पीटीईसी धंद्याचा स्वतःचा, वर्षाला २,५०० रुपये, आणि पीटीआरसी स्टाफच्या पगारातून कापून भरण्यासाठी. पुरुषाचा पगार महिना ७,५०० पर्यंत असला तर काही नाही, १०,००० पर्यंत १७५ रुपये, त्याच्या वर २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५०० होतात, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ ने यापेक्षा जास्त घ्यायची मुभाच दिलेली नाही. बाईंचा पगार २५,००० पर्यंत असेल तर १ एप्रिल २०२३ पासून पीटी शून्य. इथे नवीन मालकाने खरंच लक्ष घालायला हवं, पगाराच्या शीटमध्ये २०० चा फॉर्म्युला सगळ्यांना सरसकट ओढला जातो आणि १८ हजार पगाराच्या मुलीचेही दर महिन्याला दोनशे जातात, तिला ते कळतही नाही. उलट बाजूने, मालक कापायला विसरला तरी भरायची जबाबदारी त्याचीच राहते.

पीएफ २० माणसांपासून आणि ईएसआयसी १० पासून लागतं. मोजताना कॉन्ट्रॅक्टवरचा वॉचमन, हाउसकीपिंगवाल्या मावशी हेही धरायचे, आणि नेमकं इथेच मालकांची मोजणी चुकते. समजा २५ जणांचं ऑफिस आहे, एका मुलाचा पगार १८,००० आणि त्यातला बेसिक १५,०००. त्याच्याकडून पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयसी पाऊण टक्का म्हणजे १३५, पीटी २००, हातात पडतात १५,८६५. मालक स्वतःचे १,८०० घालतो, त्यातले १,२५० पेन्शनला आणि ५५० पीएफला जातात, शिवाय ईएसआयसीचे सव्वातीन टक्के म्हणजे ५८५, पीएफला जोडलेल्या विम्याचे ७५ आणि पीएफ ऑफिसचा प्रशासन खर्च ७५. म्हणजे १८ हजारांचा माणूस मालकाला २०,५३५ ला पडतो. हा हिशोब ऑफर लेटर देण्याआधी करायचा, नंतर मालकाचा हिस्सा पगारातून वळता करणं बेकायदेशीर आहे. आणि नोंदणी उशिरा झाली म्हणून मागच्या महिन्यांचा स्टाफचा हिस्साही पुढच्या पगारातून कापता येत नाही, मग दोन्ही हिस्से मालकाच्या खिशातून.

ईएसआयसीची पगारमर्यादा २१,००० आहे, आणि त्यातला उपचाराचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो, म्हणून नवीन माणसाचं नाव दहा दिवसांच्या आत चढवायचं. कामावरच्या त्या मुलाच्या आईला अचानक अंधेरी किंवा कांदिवलीच्या कामगार हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली तर तिथे विमा नंबरच विचारतात, मालकाने अर्ज करायला घेतलाय हे सांगून भागत नाही. मुंबईचं विभागीय ऑफिस लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर पंचदीप भवनात आहे, पण नोंदणी ऑनलाइनच होते.

फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्रात नवीन कंपनी काढली की पीएफ, ईएसआयसी आणि पीटीचे नंबर कंपनीच्या नोंदणीबरोबरच येतात, हप्ते मात्र माणसांची संख्या भरल्यावर सुरू होतात. प्रोप्रायटर आणि पार्टनरशिपवाल्यांना एकेक अर्ज वेगळा करावा लागतो.

नंबर हातात आले तरी पहिला पीएफ अडकतो तो नावावरून. आधारवर लग्नानंतरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, बँकेत नुसतं वडिलांचं नाव मधे, मग यूएएन म्हणजे कामगाराच्या कायमच्या पीएफ नंबराची केवायसी, कागदांची पडताळणी, काही पुढे सरकत नाही. स्टाफ जॉइन होतानाच तिन्ही कागद समोर ठेवून नाव जुळवून घ्यावं, आणि आधीच्या नोकरीचा यूएएन असेल तर तोच चालवायचा, दुसरा काढायचा नाही. पीएफ आणि ईएसआयसीचं चलान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

कामगार कल्याण निधी पाच किंवा जास्त माणसं असली की लागतो, जून आणि डिसेंबरमध्ये, २०२४ पासून कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. रक्कम लहान म्हणून राहून जाते, पण कामगार नाट्य स्पर्धा भरवणारं ते मंडळ याच पैशावर चालतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यामुळे नेमणूक पत्र प्रत्येकाला द्यावं लागतं, महिन्याचा पगार पुढच्या ७ तारखेच्या आत, आणि भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवले तर वरचा भाग वेतनातच धरतात, म्हणजे बेसिक मुद्दाम कमी ठेवून पीएफ वाचवायची जुनी पद्धत आता चालत नाही. पुढे स्टाफ २० च्या खाली आला तरी पीएफ बंद होत नाही, आणि धंदाच आवरला तर पीटीआरसी रद्द करायचा अर्ज वेगळा करावा लागतो, नाहीतर रिटर्नची मागणी येतच राहते.