रोबोट सुरू होत नाही: कंट्रोलर नेमका कुठे अडला?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे इथल्या मेन्टेनन्सवाल्यांचा खरा कसोटीचा दिवस शुक्रवार. बुधवारी रात्रीपर्यंत मुकाट्याने वेल्डिंग करणारा रोबोट शुक्रवारी पहिल्या शिफ्टला मेन स्विच फिरवला तरी ढिम्म हलत नाही. पेंडंटचा (हातात धरून रोबोट चालवायच्या पॅनेलचा) पडदा काळाठिक्कर, नाहीतर त्यावर लाल अलार्म. मग सुपरवायझरचा ठरलेला प्रश्न येतो: "बंद होता ना? मग बिघडला कसा?"

प्रश्न रास्त आहे. पण बऱ्याचदा तो आधीच बिघडत आलेला असतो, फक्त चालू असल्यामुळे ते झाकलेलं असतं. चालत्या कंट्रोलरमधले, म्हणजे रोबोटला हाकणाऱ्या कपाटातले, कपॅसिटर (वीज साठवणारे घटक) भरलेले असतात, कॉन्टॅक्टर (विजेने ओढले जाणारे मोठे स्विच) ओढलेले असतात, कार्डं (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गरम आणि म्हणून कोरडी असतात. एक सुट्टी गेली की हे सगळं शून्यातून उभं करावं लागतं, तेही ठरावीक क्रमाने आणि ठरावीक वेळेत. म्हणून 'काय जळालं?' हे विचारण्याआधी 'कुठपर्यंत येऊन थांबला?' हे विचारावं. निम्मी दुरुस्ती त्या उत्तरातच असते.

१९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, कामाला लागला तेव्हा तो हायड्रॉलिक होता. त्याची दुखणी तेलाची आणि गळतीची. १९७४ मध्ये स्वीडनच्या आसेआ कंपनीने आयआरबी-६ हा विजेच्या मोटरवर चालणारा आणि मायक्रोप्रोसेसरने हाकला जाणारा रोबोट आणला. तिथून पुढे रोबोटचा जीव त्याच्या हातापेक्षा बाजूला उभ्या असलेल्या लोखंडी कपाटात जास्त गुंतला.

त्या कपाटात सुरुवात होते ती सरकारी कचेरीतल्या फाइलसारखी. आधीच्या टेबलावर सही झाल्याशिवाय पुढचं टेबल फाइलला हातही लावत नाही. बाहेरून तीन फेज येतात, त्यातून २४ व्होल्ट डीसी तयार होतं, त्यावर आतला संगणक जागा होतो, संगणक सुरक्षेची साखळी तपासतो, ती जुळली की मोटरला हवी तशी वीज पुरवणाऱ्या ड्राइव्हला वीज सोडली जाते आणि सर्वांत शेवटी ब्रेक सुटतात. 'कार्ड गेलंय' असं म्हणून थेट चौथ्या टेबलावर जाणारा माणूस पहिल्या टेबलावर अडकलेली फाइल शोधत दिवस घालवतो.

पहिलं टेबल दिसायला सोपं, पण फसवं. आपल्याकडे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट आणि फेज-न्यूट्रलमध्ये २४० व्होल्ट धरतात. समजा, तिसऱ्या फेजचा फ्यूज उडाला. फ्यूजच्या पुढच्या बाजूला टेस्टर लावला तर दिवा लागतो. मग 'सप्लाय येतोय' असं जाहीर होतं आणि सगळे पुढे सरकतात. प्रत्यक्षात तो व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमधून उरलेल्या दोन फेजकडून मागच्या दाराने आलेला असतो. डेल्टा जोडणी असेल तर मेलेली फेज दोन जिवंत फेजच्या मधोमध जाऊन बसते आणि न्यूट्रलशी मोजल्यावर साधारण १२० व्होल्ट दाखवते. टेस्टरच्या निऑनला १२० काय आणि २४० काय, दोन्ही सारखेच. म्हणून मल्टीमीटर घ्यावा, तिन्ही जोड्या एकमेकांशी मोजाव्यात आणि मग मीटरची दोन टोकं एकाच फ्यूजच्या दोन बाजूंना लावावीत. साबूत फ्यूजवर जवळपास शून्य दिसतं. तिथे व्होल्टेज दिसला तर तो फ्यूज उडालेला आहे. चालू सप्लायवरचं हे मोजमाप अर्थातच प्रशिक्षित माणसाने, योग्य श्रेणीचं मीटर आणि हातमोजे वापरूनच करायचं.

इथेच आणखी एक गंमत लपलेली असते. जपानी बनावटीचे बरेच कंट्रोलर आतून तीन फेज २०० व्होल्टवर चालतात, कारण जपानमधल्या कारखान्यांचा सप्लाय तोच. त्यामुळे कॅबिनेटमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि देशोदेशीच्या व्होल्टेजसाठी त्याला वेगवेगळे टॅप (जोडणीची टोकं) काढलेले असतात. अमेरिकेतून वापरलेला रोबोट आणला आणि जोडणी ४८० च्या टॅपवरच राहिली, तर आपल्या ४१५ व्होल्टवर आत पोचतात फक्त १७३ व्होल्ट. एवढ्यावर तो कदाचित सुरूही होईल. रिकामी चाचणी पास होईल. मग शेजारच्या स्पॉट वेल्डिंगच्या गन एकदम चालतील, लाईनचा व्होल्टेज क्षणभर बसेल आणि हा कमी व्होल्टेजचा अलार्म देऊन आडवा होईल. असा रोबोट 'लहरी' म्हणून बदनाम होतो. त्याच्यात लहर कसली? टॅप चुकलेला असतो.

दुसरं टेबल २४ व्होल्टचं. रिले, सेन्सर, ब्रेक, पेंडंट, संगणकाचा काही भाग, सगळे यावर जगतात. हा सप्लाय मृत दिसला की पहिला विचार तो बदलण्याचा येतो. थांबावं. आजकालचे पॉवर सप्लाय हुशार असतात. पुढे कुठे शॉर्ट असेल तर ते स्वतःला बंद करतात, क्षणभराने पुन्हा प्रयत्न करतात, पुन्हा बंद होतात. कान दिला तर बारीक टिक-टिक ऐकू येते आणि एलईडी लुकलुकताना दिसतो. याचा अर्थ सप्लाय ठणठणीत आहे, दोष पुढे आहे. वीज बंद करून एकेक फांदी सोडवावी आणि दरवेळी चालू करून पाहावं. ज्या वायरनंतर २४ व्होल्ट उभे राहतात, ती गुन्हेगार. ती पुष्कळदा कॅबिनेटच्या बाहेर सापडते: ग्रिपरकडे (वस्तू पकडणाऱ्या पंजाकडे) जाणारी, रोबोटच्या मनगटाशी लाखो वेळा वाकून आवरण फाटलेली केबल. मूळ फ्यूज टिकत नाही म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज घालणारा माणूस मात्र शॉर्ट शोधत नसतो. तो फ्यूजचं काम महागड्या कार्डाकडे सोपवत असतो.

सप्लाय खरोखर म्हातारा झालेला असेल तर बहुधा त्याचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर थकलेले असतात. त्यांच्यातला द्रव हळूहळू आटतो. एक ढोबळ नियम असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. बहुतेक कंट्रोलरांना बाहेरच्या हवेची कमाल मर्यादा ४५ अंशांच्या आसपास दिलेली असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ही मर्यादा हवेनेच गाठलेली असते, त्यात फिल्टर धुळीने बुजलेला आणि पंखा बंद, म्हणजे कॅबिनेटच्या आत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. थकलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंड असताना तो आणखी जास्त असतो. म्हणून असा सप्लाय थंड अवस्थेत सुरू व्हायला कुरकुरतो आणि एकदा तापला की दिवसभर चालतो. मीटर डीसीवर २४ दाखवतं, तरी संगणक पुन्हापुन्हा रीसेट होतो. मीटर एसी रेंजवर ठेवून त्याच दोन टोकांवर मोजलं, किंवा ऑसिलोस्कोप लावला, तर त्या २४ वर स्वार झालेली लहर दिसते.

संगणकाच्या टेबलाबद्दल फार बोलायला नको, कारण तो स्वतःच बोलतो. मुख्य बोर्डावरचे एलईडी किंवा एका आकड्याचा डिस्प्ले सुरू होण्याच्या कोणत्या पायरीवर तो अडला ते सांगतात, आणि मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो. पेंडंट काळा असणं आणि कंट्रोलर मेलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवावं. पेंडंटची केबल सगळ्यात जास्त पायाखाली येते. काही कंट्रोलर, उदाहरणार्थ कुकाचा केआरसी-४, आत विंडोज चालवतात. लाईट गेली तर नीट शटडाउन व्हावं म्हणून त्यांत बॅटऱ्या दिलेल्या असतात. त्या बॅटऱ्या निकामी झाल्या की दरवेळची लाईट जाणं म्हणजे चालू संगणकाची वायर उपसणं.

सुरक्षेच्या साखळीत ई-स्टॉप (आणीबाणीत थांबवायचं बटण), कुंपणाचं दार, पेंडंटवरचा हातात धरायचा स्विच असे सगळे संपर्क असतात, आणि ते दोन समांतर वाटांनी तपासले जातात. दोन्ही वाटा जवळपास एकाच वेळी बदलल्या नाहीत तर कंट्रोलर अविश्वास दाखवतो आणि अडून बसतो. दार हळू ढकललं, एका संपर्कावर ओल किंवा गंज आला, रिलेचा एखादा संपर्क चिकटला, एवढं पुरतं. पावसाळ्यात हे वाढतं. इथे जंपर (संपर्काला वळसा घालणारी वायर) टाकून 'बघू तरी' म्हणणाऱ्यांचं मला काडीचंही कौतुक वाटत नाही. रोबोट सुरू होतो, जंपर तिथेच राहतो आणि पुढच्या पाळीतल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो.

आता ड्राइव्ह. सगळ्यात सुंदर विज्ञान इथे आहे. मोटरला हवी तशी वीज देण्यासाठी आधी एसीचं डीसी करून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवावं लागतं. २०० व्होल्ट एसीचं शिखर असतं सुमारे २८३ व्होल्ट, म्हणून डीसी बसवर, म्हणजे या कपॅसिटरच्या दोन टोकांवर, तेवढा व्होल्टेज उभा राहतो. पण रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी जवळपास शॉर्टसारखाच वागतो. त्याला थेट जोडलं तर शेकडो अँपिअरचा लोंढा येईल आणि डायोड, फ्यूज, कॉन्टॅक्टरचे संपर्क यांचा बळी जाईल. म्हणून आधी एका रोधातून (रेझिस्टरमधून) तो सावकाश भरतात, याला प्रीचार्ज म्हणतात, आणि भरल्यावर मुख्य कॉन्टॅक्टर तो रोध बाजूला सारतो. मोटर चालू करताना 'टक', थोडं थांबून 'टक' असे दोन आवाज येतात ते यामुळे. पहिला आवाज आला आणि दुसरा आलाच नाही, तर बस ठरलेल्या वेळात भरली नाही असं समजावं: रोध तुटलाय, एक फेज नाही, किंवा पुढे मोटर किंवा ड्राइव्हमध्ये शॉर्ट आहे.

या रोधाची एक विलक्षण गोष्ट आहे. कपॅसिटर भरून जितकी ऊर्जा साठते, तितकीच ऊर्जा भरताना रोधात उष्णता म्हणून जाते. रोध लहान घ्या की मोठा, हिशेब बदलत नाही. ३००० मायक्रोफॅरड आणि ३०० व्होल्ट धरले तर दरवेळी १३५ ज्यूल. एकदा ठीक. पण अलार्म जात नाही म्हणून वैतागून मिनिटात दहा वेळा बंद-चालू केलं तर त्या बिचाऱ्या रोधाला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. मूळ दोष दाराच्या स्विचमध्ये असतो आणि संध्याकाळपर्यंत प्रीचार्जचा रोधही जळतो.

हेच १३५ ज्यूल माणसासाठीही लक्षात ठेवायचे. हृदयाला झटका देणारी डिफिब्रिलेटर यंत्रं साधारण याच पल्ल्यातली ऊर्जा वापरतात. मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत, म्हणून ड्राइव्हवर अमुक मिनिटं थांबा अशी सूचना छापलेली असते. स्विचला कुलूप घालावं, तेवढी मिनिटं थांबावं आणि तरीही डीसी बस मोजूनच हात घालावा. मोजण्याआधी आणि मोजल्यानंतर मीटर एका चालू सप्लायवर तपासावा, कारण मेलेला मीटरही शून्यच दाखवतो.

सगळ्या सह्या झाल्या आणि रोबोट उठला, तरी एक दोष उरतो: त्याला आपण कुठे उभे आहोत हे आठवत नाही. सांध्यांचे फेरे मोजणारे एन्कोडर बंद काळात बॅटरीवर जगतात. फॅनकच्या अनेक रोबोटमध्ये पायथ्याशी दीड व्होल्टचे चार मोठे सेल असतात, आणि ते वर्षातून एकदा, कंट्रोलर चालू ठेवून बदलायचे असतात. कंट्रोलर चालू असेपर्यंत एन्कोडरला सप्लाय मिळत राहतो, त्यामुळे दुबळ्या सेलची खरी परीक्षा होते ती सुट्टीतच. बॅटरी कमी झाल्याची सूचना पडद्यावर आधी येऊन गेलेली असते, पण ती कोणीतरी रीसेट करून टाकलेली असते. सेल पूर्ण बसले की सांध्यांच्या खुणा जुळवून पुन्हा मास्टरिंग करावं लागतं, म्हणजे प्रत्येक सांध्याचं शून्य नव्याने ठरवावं लागतं, आणि त्यात थोडी जरी चूक राहिली तर वेल्डचा प्रत्येक ठिपका तेवढाच सरकतो.

कार्ड बदलायची वेळ खरोखर आली तर आधी बॅकअप घ्यावा, आणि जुनं कार्ड कशामुळे गेलं हे कळेपर्यंत नवं बसवू नये. शेजारच्या चांगल्या रोबोटचं कार्ड काढून 'लावून बघणं' ही आपल्याकडची लाडकी पद्धत. बाहेरचा शॉर्ट तसाच असेल तर दुपारपर्यंत दोन रोबोट बंद पडलेले असतात. त्यापेक्षा रोबोट धडधाकट असतानाच तिन्ही फेजचे, २४ व्होल्टचे आणि डीसी बसचे आकडे आणि एलईडींचा एक फोटो कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. बॅटरी बदलल्याची तारीखही तिथेच, मार्करने.