26 जानेवारीची परेड आणि वॉशिंग्टनची परेड: खर्चाची तुलना करण्याआधी हे बघा

14 जून 2025 ला वॉशिंग्टनमध्ये झालेल्या लष्करी परेडचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक गट म्हणतो, आपण दरवर्षी 26 जानेवारीला हेच करतो, फ्रान्स करतो, मग ट्रम्पने केली तर एवढा आरडाओरडा कशाला. दुसरा म्हणतो, रस्त्यावर रणगाडे काढणं हे हुकूमशाहीचंच लक्षण, मग आपलीपण बंद करा, वाचलेल्या पैशात शाळा बांधा. भांडण जोरात चालतं, पण दोघांनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकलेली असते की या दोन परेड म्हणजे एकच प्रकार आहे. तो नाहीये, आणि हे न बघता आकडे फेकणारे फॉरवर्ड वाचून आता खरंच कंटाळा आलाय.

26 जानेवारीचं मी सांगायला नको. युद्ध स्मारकावर पुष्पचक्र, राष्ट्रपतींचं आगमन, 21 तोफा, तुकड्या, रणगाडे, चित्ररथ, शेवटी विमानं. 1950 ची पहिली परेड आयर्विन स्टेडियमवर झाली, 1955 पासून राजपथावर होते, त्या रस्त्याचं नाव 2022 मध्ये कर्तव्यपथ झालं. बास.

आता वॉशिंग्टन. अमेरिकन लष्कराची स्थापना 14 जून 1775 ची, त्यामुळे 2025 ला 250 वर्षं झाली, हे खरंच आहे, कुणी बनवलेलं निमित्त नाही. लष्कराचा महोत्सव आधीपासून ठरलेला होता, मोठी परेड त्याला नंतर जोडली गेली. त्याच दिवशी ट्रम्प यांचा 79 वा वाढदिवस. साडेसहा हजारांच्या आसपास सैनिक, अब्राम्स रणगाडे, ब्रॅडली आणि स्ट्रायकर ही चिलखती वाहनं, वरून हेलिकॉप्टर. खर्चाचा अंदाज 25 ते 45 मिलियन डॉलर सांगितला गेला, म्हणजे अडीच ते साडेचार कोटी डॉलर, आपल्या पैशात ढोबळमानाने 200 ते 400 कोटी रुपये. त्याच दिवशी देशभर 'नो किंग्ज' (राजे नकोत) नावाने ट्रम्पविरोधी निदर्शनं पण झाली.

आपल्याकडे राज्यांचे चित्ररथ असतात, तिकडे जुन्या युद्धांतल्या गणवेशातल्या तुकड्या होत्या, आपली सकाळी, त्यांची संध्याकाळी. हे फरक सोडून द्या, यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

सलामी कोण घेतं हा फरक बरेच लोक मोठा करून सांगतात. आपल्याकडे सलामी राष्ट्रपती घेतात, पंतप्रधान बाजूला बसतात, म्हणजे रोजचं सरकार चालवणारा माणूस मानवंदनेच्या मध्यभागी नसतो. मला ही रचना मनापासून आवडते. पण अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हाच सरकारचा प्रमुख आणि हाच सैन्याचा सर्वोच्च सेनापती, तिथे सलामी दुसरं कोण घेणार? फ्रान्समध्येही 14 जुलैला राष्ट्राध्यक्षच घेतात. त्यामुळे हा फरक खरा असला तरी भांडण मिटवत नाही.

खरी गफलत पुढे आहे. 26 जानेवारीची परेड कुणी ठरवत नाही, ती येते. काँग्रेसचं सरकार असो, जनता पक्षाचं असो, आघाडीचं असो, भाजपचं असो, तारीख तीच, कारण राज्यघटना लागू झाली तो दिवस आहे तो. 2021 ला ब्रिटनचे पंतप्रधान पाहुणे म्हणून येणार होते, करोनामुळे नाही आले, परेड छोटी झाली पण झाली, पाहुण्यावाचून झाली. एखाद्या पंतप्रधानाला आवडत नाही म्हणून रद्द नाही आणि आवडते म्हणून जूनमध्ये अजून एक नाही. वॉशिंग्टनची परेड मात्र कुणीतरी हवी म्हटली म्हणून झाली. काढायची की नाही हा प्रश्न तिथे खरोखर उघडा होता आणि एका माणसाच्या होकारावर तो बंद झाला. दरवर्षीची परेड आणि फर्मावलेली परेड, फरक हा आहे, आणि पैसे आणि अर्थ दोन्ही याच फरकातून निघतात म्हणून मी याच्यावर एवढा अडून बसतोय.

आधी पैसे. जी गोष्ट दरवर्षी होते तिचा खर्च विरघळून जातो. जवानांचे पगार चालूच असतात, सराव वेळापत्रकात बसलेला असतो, चित्ररथाचे पैसे राज्यं आणि मंत्रालयं आपापल्या खिशातून घालतात, बंदोबस्त पोलिसांच्या बजेटमधून जातो, रस्ता तर वर्षानुवर्षं याच कामासाठी वापरात आहे. त्यामुळे एक बिल असं कधी समोर येतच नाही. गावच्या जत्रेला एकूण किती लागले हे कुणी विचारत नाही, पण कुणी नवीन सोहळा काढला की पहिल्या दिवसापासून हिशोब मागतात, तसंच हे. याचा अर्थ आपली परेड फुकट होते असा अजिबात नाही! तिचा आकडा विखुरलेला आहे एवढंच.

एकदाच होणाऱ्या परेडला सगळं शून्यातून करावं लागतं. साठ टनांच्या वरचे रणगाडे टेक्सासहून रेल्वेने आणायचे आणि परत न्यायचे, शहरातला डांबरी रस्ता फुटू नये म्हणून वळणांवर पोलादी प्लेटा टाकायच्या, रणगाड्यांच्या पट्ट्यांना रबरी पॅड लावायचे, हजारो सैनिकांची राहायची सोय करायची, आणि सुरक्षा तर वेगळीच. रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी म्हणून त्या अंदाजात मोठी रक्कम धरलेली होती. हा सगळा जादा खर्च, म्हणजे परेड नसती तर झालाच नसता असा. म्हणून तिकडचा आकडा ठळक दिसतो आणि आपला दिसत नाही, आणि लोक त्या दिसण्या-न दिसण्यालाच स्वस्त-महाग समजून बसतात. तिकडचा जादा खर्च एका पारड्यात आणि आपला कुणीही न मोजलेला खर्च दुसऱ्या पारड्यात, ही तुलनाच होत नाही.

2018 चं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. जुलै 2017 ला ट्रम्प पॅरिसला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांच्याकडे पाहुणे होते, तिथली 14 जुलैची परेड बघून प्रभावित झाले आणि वॉशिंग्टनला तशीच हवी म्हणाले. सुरुवातीला 1 कोटी 20 लाख डॉलरचा अंदाज होता, ऑगस्ट 2018 पर्यंत बातम्यांमध्ये तो 9 कोटी 20 लाखांवर गेला आणि परेड रद्द झाली. ट्रम्प यांनी दोष स्थानिक राजकारण्यांना दिला आणि शहराच्या महापौर म्युरियल बाउझर यांनी उलट सांगितलं की एकट्या शहराचाच खर्च 2 कोटी 16 लाख डॉलर आहे. पॅरिसची परेड 1880 पासूनची, तिच्यामागे सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांची घडी बसलेली. ती बघून 'आपणही करू' म्हणणं सोपं, पण ती घडी कुठून आणणार? पहिल्या वर्षीच सगळं विकत घ्यावं लागतं.

आणि एक, 'हे पैसे शाळांना दिले असते' हे वाक्य मला दोन्ही देशांच्या बाबतीत पटत नाही. अमेरिकेचं संरक्षण बजेट वर्षाला 800 अब्ज डॉलरच्या वर आहे, त्यातले साडेचार कोटी वाचले तर ते आपोआप शाळेत जात नाहीत, संरक्षणातच राहतात. पण त्याच्या उलटं 'एवढ्या बजेटमध्ये हे काहीच नाही' हेही तितकंच पोकळ आहे, खुद्द ट्रम्प यांनी मुलाखतीत साधारण हेच म्हटलं होतं की परेडच्या मोलापुढे हा खर्च किरकोळ आहे. मग मोल काय ते सांगा ना, बोलणं तिथून सुरू व्हायला पाहिजे.

तर अर्थ. अमेरिकेत मोठ्या लष्करी परेडची परंपरा नाही असं जे लिहितात ते चूक लिहितात. मे 1865 मध्ये यादवी युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनमध्ये दोन दिवस सैन्य चाललं, 8 जून 1991 ला आखाती युद्धानंतर चाललं. पण या दोन्हींचा अर्थ एकच होता: युद्ध संपलं, पोरं घरी आली, लोकांनी त्यांना बघावं. त्या परेडमध्ये मध्यभागी परत आलेला सैनिक होता. आपल्या परेडचा अर्थ वेगळा, तिथे मध्यभागी राज्यघटनेची तारीख आहे आणि सैन्य तिच्यासमोरून जातं. 2025 च्या परेडला यातलं कुठलंच टेकू नव्हतं. युद्ध संपलं नव्हतं, दरवर्षीची प्रथा नव्हती. उरलं काय तर 250 हा आकडा आणि एका नेत्याचा वाढदिवस, आणि दोन्ही एकाच दिवशी. सैनिकांबद्दल कितीही आदर असला तरी, आणि मला आहे, बघणाऱ्याला हे कुणासाठी चाललंय हा प्रश्न पडणारच. तो प्रश्न विचारणाऱ्याला सैन्यद्वेष्टा म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

आपल्याकडेही अर्थावरून भांडणं होतातच. 2022 ला पश्चिम बंगाल, केरळ, तमिळनाडूचे चित्ररथ नाकारले गेले तेव्हा काय वाद झाला होता ते आठवा. पण तो वाद परेडमध्ये कुणाला जागा मिळावी याचा होता, परेड का आहे याचा नव्हता. दरवर्षीच्या परेडमध्ये लोक जागेसाठी भांडतात, फर्मावलेल्या परेडमध्ये कारणासाठी.

जाता जाता, कृपा करून '15 ऑगस्टची परेड' लिहू नका. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान झेंडा फडकवतात आणि भाषण करतात, रणगाडे आणि चित्ररथ नसतात. खर्चावरच्या निम्म्या पोस्टींमध्ये हीच चूक असते आणि मग पुढचा सगळा हिशोब वाचावासा वाटत नाही.

वॉशिंग्टनची परेड कधीच प्रथा होणार नाही असं मी म्हणत नाही. पॅरिसचीही कधीतरी पहिलीच होती, आणि प्रशियाकडून 1871 ला झालेल्या पराभवानंतर फ्रान्सचं सैन्य पुन्हा उभं आहे हे दाखवण्यासाठी होती. पण त्यासाठी 14 जूनला परेड व्हायला पाहिजे ज्या वर्षी राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा असेल, त्या तारखेला त्याचा वाढदिवस नसेल, आणि तरीही ती काढायची की नाही हे त्याला कुणी विचारणार नाही.